ताक न सांडता

तो व्हिडिओ मी अश्विनला पाठवायला निघालो होतो, गेला मोहिते कुटुंबाच्या ग्रुपवर.

अश्विन माझा ऑफिसातला मित्र. सिंगापुरात क्वीन्सटाउनला आम्ही एकाच मजल्यावर कोड लिहितो आणि दिवसभर एकमेकांना बिनकामाच्या गोष्टी पाठवतो. मोहिते म्हणजे माझे घरमालक, क्लेमेंटीचे प्रबोधकाका आणि अरुणाकाकू. त्यांच्या फ्लॅटमधली मधली खोली माझ्याकडे भाड्याने आहे. गणपतीची आरास आणि आरतीच्या वेळा ठरवायला त्यांनी मलाही घरच्या ग्रुपात घेतलं, ही त्यांची चूक. पुढच्या सगळ्या माझ्या.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी काकू लिटल इंडियातून शाडूची मूर्ती घेऊन येत होत्या. मी बहुमजली कारपार्कच्या चौथ्या मजल्यावर पाट घेऊन उभा होतो. खालून त्यांची चौदा वर्षांची करडी गाडी रँपवर चढताना दिसली. चढताना म्हणजे, नीट बघितलं तर हलत होती. तिच्यामागे पाच-सहा गाड्या तुंबलेल्या. मी पाट काखेत मारला, फोन काढला आणि आमच्या देऊळगाव राजाच्या स्टँडवरच्या आवाजात सुरू झालो. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. लिटल इंडियाहून सुटलेली क्लेमेंटी गाडी फलाट क्रमांक चारवर आज ना उद्या येत आहे." चांगला कोन मिळावा म्हणून दोन पावलं पुढे झालो. ती दोन पावलं गाडीच्या वाटेत पडली. काकूंनी मला वाचवलं आणि गाडीचा डावा आरसा खांबाला लागला. टक्. व्हिडिओ तिथेच संपतो.

त्यात गाडी दिसते, खांब दिसतो, आरसा लोंबताना दिसतो. मी दिसत नाही. मागच्या सीटवर पट्टा लावून बसलेला गणपतीही दिसत नाही.

होक्काइदोहून ऋताचा मेसेज लगेच आला. "आई, हे काय आहे." मग, "बाबा, फोन उचला."

ऋता ही काका-काकूंची एकुलती एक मुलगी. ती आणि तिचा नवरा निहार जपानच्या वरच्या टोकाला, होक्काइदोत राहतात. निहार तिथल्या दूध पावडरच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. घर गावाबाहेर, बटाट्याच्या शेतांच्या कडेला. तेव्हा ऋताला पाचवा महिना संपत आलेला, तारीख जानेवारीतली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण तिचे डॉक्टर तिथले, नोकरी तिथली, आणि पोटुशीने एवढा विमानप्रवास तिला नको होता. म्हणून असं ठरलं होतं की माहेरच तिच्याकडे जाईल. काकू हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत हिशेब बघतात. गेली काही वर्षं त्यांनी सुट्ट्या न घेता साठवल्या होत्या. डिसेंबरच्या मध्यापासून त्या ऋताकडे राहणार, डिंक, अळीव, बाळंतशेपा सगळं इथून जाणार.

या बेतात एक खिळा होता. हॉस्पिटल घरापासून अर्ध्या तासावर. हिवाळ्यात तिकडे बस नसल्यासारखीच. निहार कारखान्याच्या गाडीने जातो, आणि दारात उरते ती त्याची जुनी, डब्यासारखी छोटी मोटार. म्हणजे ऋताजवळ जो राहील त्याला ती बर्फातून चालवता आलीच पाहिजे.

काकांनी फोन स्पीकरवर टाकला. मी पाटासकट भिंतीला चिकटून उभा होतो.

"बाबा, आई इथे गाडी चालवणार नाही," ऋता म्हणाली. "कोरड्या रस्त्यावर, उन्हात, सिंगापुरात हे चाललंय. इथे रस्ता काचेसारखा असतो."

"अगं, पण मग..."

"गावात बाळंतिणींसाठी एक केंद्र आहे. मी तिथे जाऊन राहते. सगळं करतात ते. आई, तू बाळ झाल्यावर ये. चार दिवस राहा. दोन ते चार भेटायची वेळ असते."

काकू इतका वेळ मूर्तीवरचं कापड सोडवत होत्या. त्यांचा हात थांबला. "आणि खायला काय देतात तिथे?" त्यांनी विचारलं.

"सूप देतात. मासा देतात. आई, प्रश्न खाण्याचा नाहीये."

"बरं," काकू म्हणाल्या आणि फोन काकांकडे सरकवला.

मी पुढे सरकलो. म्हटलं, मी सांगतो तिला की मीच आडवा आलो.

"नको," काकू म्हणाल्या. "ती म्हणेल, एका माणसाला चुकवताना आरसा फोडलास, तिकडे हरीण आलं तर काय करशील. बरोबरच म्हणेल. पाट ठेव इकडे."

मूर्ती पाटावर बसली. आम्ही तिघांनी ती चहूबाजूंनी बघितली. सोंड, सुळा, बोटं, उंदराचे कान, सगळं जागच्या जागी होतं. रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता.

"आवाज चांगला आहे तुझा," काकू मला म्हणाल्या. "एसटीत लागला असतास."

काका तीस वर्षं बँकेत होते, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट तारण घेतल्याशिवाय सोडवत नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मला गणपतीपुढे उभं केलं. "नवस बोल," म्हणाले. "हिला ऋता गाडी चालवू देईल, तर तू काय करशील?"

मी म्हटलं, एकवीस मोदक.

"हॉटेलातून आणशील. स्वतःच्या हाताने, उकडीचे."

"स्वतःच्या हाताने, उकडीचे," मी गणपतीला सांगितलं. त्याने तेवढ्यात मान डोलावली असं काकांचं म्हणणं आहे. मला तरी तो पंख्याचा वारा वाटला.

आता काकूंविषयी थोडं सांगायला हवं, कारण व्हिडिओवरून तुमचंही मत ऋतासारखं झालं असणार.

अरुणाकाकू साताऱ्याच्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्यांना सायकलशिवाय काही चालवता येत नव्हतं. चाळिशी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या, तेही काकांना संध्याकाळी नीट दिसेना म्हणून. परीक्षेत तीनदा नापास झाल्या. तिन्ही वेळेला परीक्षकाने एकच शेरा दिला, फार सावकाश. चौथ्या वेळेला परीक्षक बदलला होता. तेव्हापासून त्या तशाच चालवतात. टॅक्सीवाले त्यांना हॉर्न देतात, बस त्यांना वळसा घालून जाते, आणि एकदा एक सायकलवाला शेजारून जाताना "ऑन्टी, ओके ऑर नॉट?" असं विचारून गेला होता. काकूंनी त्याला अंगठा दाखवला. त्यांना कुणाचा राग येत नाही आणि कुणाची घाईही लागत नाही. हिशेबाच्या माणसाला घाई केली की चूक होते, एवढंच त्यांना ठाऊक.

दीड दिवसाच्या गणपतीचं बादलीत विसर्जन झालं. त्या संध्याकाळी काकूंनी निहारला फोन लावला, ऋताला नाही.

"निहार, तुझी गाडी बघायची आहे."

"आई, आत्ता?"

"आत्ता नाही. रविवारी. उजेडात. आम्ही तिघं असू."

रविवारी आम्ही तिघं सोफ्यावर ओळीने बसलो, समोर टेबलावर फोन, शेजारी पोह्यांच्या बशा. निहार तिकडे गाडीजवळ उभा. मी आयुष्यात बघण्याचे बरेच कार्यक्रम पाहिलेत, पण जावयाने आपली मोटार सासूला दाखवायला उभी केलेली हा पहिलाच.

"वय किती?" काकूंनी विचारलं.

"वीसच्या आसपास."

"दिसतं. जरा पुढे चालवून दाखव." त्याने चालवून दाखवली. "हॉर्न वाजव." त्याने वाजवला.

"आवाज गोड आहे," काका म्हणाले. मी पोहे खाली ठेवले, कारण ठसका लागला.

काकू हसल्या नाहीत. "खालून दाखव. मीठ टाकतात ना रस्त्यावर, पत्रा खाल्ला असेल." निहार जमिनीवर आडवा झाला. पत्रा एका जागी खाल्ला होता. "आता टायर. बाजूला आकडे कोरलेले असतात, ते वाच." त्याने वाचले. हिवाळ्याचे टायर सात वर्षांपूर्वीचे निघाले. "नक्षी शिल्लक आहे, आई."

"नक्षी आहे, पण रबर कडक झालं असेल. कडक रबर बर्फाला धरत नाही. बॅटरी कधीची?"

निहारने बॉनेट उघडलं आणि आत वाकून बघितलं.

"जुनी बॅटरी थंडीत पहिली मान टाकते. ती बदल. टायर बदल. काच धुवायचं पाणी न गोठणारं भर. इंजिनाच्या पाण्याचंही तपासून घे. वायपरची रबरं बघ. आणि सगळे दिवे. हे झालं की मला फोटो पाठव."

"आई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाचलं. महिना झाला वाचतेय. गाडी घसरली तर सावरणारं यंत्र असतं ना नव्या गाड्यांत, ते हिच्यात नाही. म्हणजे सावरायचं ते मलाच. मग बाकीचं तरी धड असू दे."

निहारने मान हलवली. तो तसा बरा मुलगा आहे, फक्त त्याला वाटत होतं की सासू भाजीचा भाव विचारेल. पुढच्या महिन्यात त्याने सगळं बदललं आणि फोटो पाठवले. ऋताला याचा पत्ता लागला तेव्हा ती म्हणाली, गाडी नीट झाली म्हणून आई नीट झाली असं नाही. पण एक गोष्ट तिने मान्य केली. डिसेंबरात आई आधी फक्त एक आठवडा येऊन राहील. निहार तिची परीक्षा घेईल. घर ते हॉस्पिटल आणि परत. निहार पास म्हणाला तर आई राहील. नाहीतर ऋता केंद्रात आणि आई क्लेमेंटीत.

"चार प्रयत्न मिळतील का?" काकांनी विचारलं.

"एक," ऋता म्हणाली.

सिंगापुरात बर्फ कुठून आणणार. काकूंनी आधी ठरवलं की निदान पायाला तरी कळू दे. एका रविवारी त्या मला जुरोंगच्या आइस रिंकवर घेऊन गेल्या. तिथे सगळी शाळकरी पोरं, आणि त्यांच्यात साडेपाच फुटी मी आणि सलवार-कमीजवर स्वेटर घातलेल्या काकू. मी आत्मविश्वासाने उतरलो आणि लगेच आडवा झालो. उठताना घाईने कठडा ओढला, पुन्हा आडवा. काकू कठड्याला नुसती बोटं लावून इंचाइंचाने सरकत होत्या.

"तू का पडतोस कळलं का तुला?" त्यांनी वरून विचारलं.

"बर्फ आहे म्हणून."

"घसरलं की तू झटका देतोस. झटक्यानेच पडतोस." आणि त्या पुढे सरकल्या, अख्खा फेरा पुरा करून आल्या. तोवर मी बाकावर बसून कोपर चोळत होतो.

झटका हाच शब्द त्यांनी धरून ठेवला. ब्रेकला झटका नाही, स्टीअरिंगला नाही, अॅक्सिलरेटरला नाही. प्रश्न असा होता की आपला झटका आपल्याला कळत नाही, तो मागच्या सीटला कळतो. मागच्या सीटवर वर्षातून एकदाच गणपती असतो. बाकीच्या दिवसांसाठी काकूंनी ताक शोधून काढलं. एक पातेलं, त्यात गळ्यापर्यंत पातळ ताक, झाकण नाही. पातेल्याखाली ओलं फडकं. आणि पातेल्याशेजारी मी, कारण, काकूंच्या शब्दांत, "सांडलं तर कुणाला तरी कळायला हवं."

मला कळायचं. दर रविवारी सकाळी कारपार्कच्या सगळ्यात वरच्या, रिकाम्या मजल्यावर आम्ही जायचो. वळण, उतार, थांबणं, पुन्हा निघणं. सुरुवातीला माझी एक पँट दर रविवारी धुवायला जायची. काकू गाडी थांबवून मागे वळायच्या, डाग कुठे पडलाय ते बघायच्या आणि त्यावरून सांगायच्या की चूक कुठली झाली. डाग पुढच्या बाजूला, तर ब्रेक. डावीकडे, तर वळण लवकर तोडलं. माझ्या मांडीचा त्यांनी नकाशा करून टाकला होता.

"काकू, निदान पाणी घ्या. ताकाचा वास येतो ऑफिसात."

"पाण्याचा डाग वाळतो. मग शिकायचं कशावरून?"

अश्विन मला त्या दिवसांत 'अमूल' म्हणायचा.

काकू ब्रेकवर भरवसा कमी करायला शिकल्या. उताराच्या खूप आधी पाय काढायचा, खालचा गिअर टाकायचा आणि गाडीला आपल्या वजनाने मंद होऊ द्यायचं. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवायचं की मधे दुसऱ्या दोन घुसाव्यात. सिंगापुरात खरंच घुसायच्या. काकू पुन्हा तेवढंच अंतर ठेवायच्या. पुन्हा कुणीतरी घुसायचं. एकदा ईस्ट कोस्टला जाताना आम्ही जवळजवळ मागे मागे जात होतो असं मला वाटलं. पण दिवाळीच्या रविवारी कारपार्कच्या सातव्या मजल्यावरून तळापर्यंत उतरून काकूंनी गाडी लावली आणि मागे वळून बघितलं. माझी पँट कोरडी होती. पातेल्यातल्या ताकावर साय धरल्यासारखी शांतता होती. काकूंनी ते ताक उचललं, घरी नेलं आणि त्याची कढी केली. मी तीन वाट्या प्यायलो. इतक्या प्रवासाने कढीला काही झालं नव्हतं.

डिसेंबरात त्या गेल्या. सोबत दोन बॅगा, एकीत डिंक आणि खारीक, दुसरीत ते पातेलं.

परीक्षेच्या दिवशी निहारने फोन डॅशबोर्डवर बसवला आणि मागच्या बाजूला दुसरा. इकडे क्लेमेंटीत मी आणि काका पंखा पाचवर ठेवून बनियनमध्ये बसलो होतो. पडद्यावर सगळं पांढरं. रस्ता कुठला आणि शेत कुठलं हे कडेच्या उंच खांबांवरून खाली रोखलेल्या बाणांवरूनच कळत होतं. ऋता घरीच राहिली होती. तीही फोनवर होती, पण नुसती ऐकत होती, बघत नव्हती.

काकू बाहेर आल्या. अंगात निहारचा कोट, डोक्यावर माकडटोपी. गाडी बर्फाच्या गादीखाली झोपली होती. फक्त वायपर वर काढलेले, दोन हात उभारल्यासारखे. ते आदल्या रात्री काकूंनीच उभे केले होते, नाहीतर काचेला चिकटून बसतात. हँडब्रेकही लावला नव्हता, तो गोठतो म्हणून.

निहार आत बसला. "आई, काच पुसली की चला."

काकू गाडीच्या मागे गेल्या आणि वाकल्या. एक्झॉस्टचा पाइप बर्फात बुजला होता. त्यांनी तो हाताने मोकळा केला, मगच गाडी सुरू करायला सांगितलं. "हा बंद राहिला तर धूर आत येतो," त्या म्हणाल्या. मग छप्पर झाडलं, कारण ब्रेक लावला की छपरावरचा ढीग पुढच्या काचेवर येतो. मग दिवे, मग नंबरप्लेट. मग मागचं दार उघडून तपासलं, फावडं, वाळूची पिशवी, घोंगडी, पाण्याची बाटली. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर.

"आपण हॉस्पिटलला चाललोय, एव्हरेस्टला नाही," निहार म्हणाला.

"बूट झाड," काकू म्हणाल्या. "पेडलला बर्फ लागला की पाय सटकतो. तुझा नाही, माझा. तरी झाड, गाडी ओली होते."

सगळ्यात शेवटी त्या घरात गेल्या आणि पातेलं घेऊन आल्या. गळ्यापर्यंत ताक. मागच्या सीटवर, ओल्या फडक्यावर.

"हे काय आहे?" निहारने विचारलं.

"परीक्षक," काका इकडून म्हणाले.

गाडी निघाली. मी खरंच सांगतो, आम्ही दोघं सरकत सरकत सोफ्याच्या कडेवर आलो होतो, आणि पडद्यावर तर काहीच घडत नव्हतं. पांढरा रस्ता सावकाश जवळ येत होता आणि मागे जात होता. वळणाच्या कितीतरी आधी काकू मंद व्हायच्या, वळणात काही करायच्या नाहीत, वळण संपलं की हळूच पाय द्यायच्या. निहार पहिल्यांदा दारावरचं हँडल धरून बसला होता. थोड्या वेळाने त्याने हँडल सोडलं आणि मोबाइल बघायला लागला.

"समोर बघ," काकू म्हणाल्या. "मार्क कसे देणार?"

एका वळणावर एक मोठी, नवीकोरी जीप रस्त्याच्या बाहेर नाक खुपसून उभी होती. तिचा मालक शेजारी उभा राहून फोनवर बोलत होता. त्याने काकूंना वाकून नमस्कार केला. काकूंनीही केला, स्टीअरिंग न सोडता.

"चार चाकांना ताकद देणारी असली तरी थांबायला सगळ्यांना सारखंच लागतं," निहार हळूच म्हणाला, आणि एकदम, "आई, पुढे पूल आहे."

पुलावर खालून वारा लागतो, त्यामुळे तिथला रस्ता आधी गोठतो. वरून काळा, ओला दिसतो आणि असतो निव्वळ बर्फ. काकूंनी पुलाआधीच पाय काढला. गाडी पुलावर आली, आणि पलीकडच्या टोकाला झाडीतून एक हरीण उतरून रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं. ऋताने सांगितलेलं नव्हे, तिच्या वतीने काकूंनी ऑगस्टात काढलेलं तेच हरीण.

काका उभे राहिले. काकूंनी ब्रेक दाबला नाही. पायाने नुसता चाचपला. तेवढ्यानेही गाडीचं मागचं अंग उजवीकडे सरकायला लागलं, पडद्यावरचे बाण उजवीकडे पळाले. निहारच्या तोंडून "आ" एवढाच आवाज आला. काकूंनी पाय उचलला. स्टीअरिंग उजवीकडे, थोडंसं, ज्या बाजूला मागचं अंग चाललं होतं त्याच बाजूला. आणि त्यांची मान हरणाकडे नव्हतीच. त्या हरणाच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या, जिथून त्यांना जायचं होतं. गाडीने क्षणभर विचार केला आणि सरळ झाली. हरणाच्या बाजूने आम्ही इतक्या जवळून गेलो की त्याच्या मिशा दिसल्या.

मग घरातून ऋताचा आवाज आला. "काय झालं? निहार? कुणीतरी बोला."

निहार मागे वळला होता. मागच्या फोनवर आम्हालाही दिसत होतं. पातेल्याच्या काठावरून एक ओघळ खाली आला होता आणि फडक्यावर रुपयाएवढा डाग पडला होता.

"ताक सांडलं," निहार म्हणाला.

"किती?"

"चमचाभर."

"मागे की पुढे?" काकूंनी विचारलं.

"उजवीकडे."

"बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "पाय अजून आधी काढायला हवा होता. हॉस्पिटल कुठल्या बाजूला?"

परत येईपर्यंत निहारने मार्क दिले नव्हते. दारात गाडी थांबली तेव्हा ऋता कोटाशिवाय पायरीवर येऊन उभी होती. निहार उतरला, गाडीला वळसा घालून काकूंच्या बाजूला आला, दार उघडलं आणि म्हणाला, "आई, उद्या मला कारखान्यात सोडाल का?"

काका सोफ्यावर बसले आणि पहिल्यांदाच पंखा बंद करायला सांगितलं. म्हणाले, थंडी वाजतेय.

पुढचं आम्ही पाहिलं नाही. जानेवारीतल्या एका सकाळी, निहार पाळीवर असताना, कळा सुरू झाल्या. पारा शून्याखाली अठरा. निहार म्हणतो की त्या सकाळी त्यांच्या शेजाऱ्याची गाडी सुरूच झाली नाही. काकूंची पहिल्या किल्लीला झाली. ऋता मागच्या सीटवर, पट्टा लावून, पातेलं ठेवायच्या जागी. पुढचा संवाद ऋतानेच नंतर ग्रुपवर आवाजात पाठवला, तिच्या आणि काकूंच्या दोन्ही आवाजांत.

"आई, जरा जोरात चालव ना."

"नाही."

"आई, प्लीज. मागे ट्रक आहे, हॉर्न देतोय."

"देऊ दे. मागे गणपती असला की मी कुणाचं ऐकत नाही."

ऋता म्हणते की ती कळांमध्ये हसली, आणि मग हसल्याबद्दल काकूंवर ओरडली, आणि पुलावरून गाडी कधी गेली ते तिला समजलंसुद्धा नाही. हॉस्पिटलच्या दारात नर्स चाकांची खुर्ची घेऊन धावत आली तेव्हा काकू तिला हातानेच सांगत होत्या, सावकाश, सावकाश. दुपारी मुलगी झाली. तिचा फोटो ग्रुपवर आला. त्याच्या खाली ऋताने ऑगस्टातला तो व्हिडिओ पुन्हा टाकला, माझ्या स्टँडवरच्या आवाजासकट, आणि लिहिलं, "आमची गाडी. वेळेवर आली."

काकू मार्चमध्ये परतल्या. डिंकाचे लाडू सगळे संपवून आल्या. आठवड्यातून दोनदा बाळाला तपासायला नेऊन आणलं, गावातल्या वाण्याशी खाणाखुणांनी ओळख केली, आणि शेजाऱ्याला बॅटरी बदलायला लावली, ती कुठल्या भाषेत ते मला अजून कळलेलं नाही. इथे आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या ऑफिसला गाडीने निघाल्या. मी सोबत होतो. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. मी काच खाली करून त्याला काही सांगणार होतो, पण काकू म्हणाल्या, जाऊ दे, त्याच्याकडे ताक नाही.

राहता राहिला नवस. मी तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा उकड पिठलं झाली. दुसऱ्यांदा पाऱ्या नीट झाल्या, पण कळ्या पाडता पाडता सारण खालून बाहेर आलं. तिसऱ्या वेळच्या एकवीसपैकी सतरा मी ताटात मांडून काकूंपुढे ठेवले. त्यांनी एक उचलला, चारी बाजूंनी बघितला.

"हॉकर सेंटरच्या खाऊच्या गाळ्यांवर हे डम्पलिंग म्हणून खपतील," काका म्हणाले.

"नवसात धरायचे का?" मी विचारलं.

काकूंनी खाऊन बघितला. "चव आहे," म्हणाल्या. "पण हे मोदक नाहीत रे. कळी पाडताना तू झटका देतोस."

तर गणपतीचे एकवीस अजून माझ्याकडे बाकी आहेत. काकांनी तशी नोंद त्याच्या कानात करून ठेवली आहे. पुढच्या चतुर्थीला मूर्ती आणायला काकू जाणार आहेत, आणि पाट घेऊन मी उभा राहणार आहे, या वेळी खांबाच्या मागे.